'ट्रेंचंट'चा पूर्ण हिशेब

'ट्रेंचंट' या ब्रिटिश पाणबुडीचे नाव नौदलाच्या इतिहासात घेतले जाते ते ८ जून १९४५ या दिवसामुळे. सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत तिने 'आशिगारा' ही जपानी क्रूझर बुडवली. कप्तान आर्थर हेझलेट यांनी आठ टॉर्पेडो सोडले, त्यांतले पाच लागले. या कामगिरीचे कौतुक योग्यच आहे. चॅटहॅमच्या गोदीत बांधलेली ही 'टी' वर्गाची पाणबुडी १९४४ मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून मोहिमांवर निघत असे. सुमात्रा आणि मलाक्काच्या आसपासचे पाणी अनेक ठिकाणी उथळ, म्हणजे पाणबुडीला दडायला खोली कमी. तिथे शत्रूच्या अवजड युद्धनौकेवर नेम धरणे हे धाडसाचे आणि हिशेबी कामही होते. पण एका पाणबुडीची सेवा केवळ तिच्या सर्वांत झळाळत्या दिवसावरून सांगितली, तर तो इतिहास न राहता गौरवपत्र होतो.

'ट्रेंचंट'च्या सेवेतला सर्वांत जास्त जीव घेणारा दिवस वेगळाच आहे: १८ सप्टेंबर १९४४. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगत तिने 'जुन्यो मारू' हे जपानी मालवाहू जहाज बुडवले. दोन दिवसांपूर्वी बटाव्हियाच्या तांजुंग प्रियोक बंदरातून ते पाडांगकडे निघाले होते. त्यात सुमारे २,३०० युद्धकैदी होते, बहुतेक डच, शिवाय ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन. सुमारे ४,२०० जावानीज वेठबिगार मजूरही होते. त्यांना 'रोमुशा' म्हणत. साडेपाच हजारांहून अधिक माणसे बुडाली. जे वाचले त्यांतल्या अनेकांना पुन्हा त्याच कामावर जुंपले गेले, ज्यासाठी त्यांना नेले जात होते: सुमात्राच्या जंगलातून जाणारा पेकनबारूचा रेल्वेमार्ग बांधणे.

यावर पहिला आक्षेप असा, की हेझलेट यांना हे ठाऊक नव्हते. ते खरेच आहे. जहाजावर कैद्यांची कोणतीही खूण नव्हती, सोबत संरक्षक नौका होत्या, आणि पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याला ते शत्रूचे साधे मालवाहू जहाजच दिसणार. माणसांना जहाजाच्या पोटात कोंबून, खूण न करता युद्धाच्या पाण्यातून नेणाऱ्या जपानी सैन्यावरच मुख्य जबाबदारी येते. शिवाय याच खलाशांनी पाच दिवसांनी पेनांगजवळ 'यू-८५९' ही जर्मन पाणबुडी बुडवल्यावर तिच्यातून वर आलेल्या अकरा शत्रूंना पाण्यातून उचलून घेतले. ती निर्दय माणसांची टोळी नव्हती. पण दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि काय घडले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हेझलेट यांच्या बाजूने लागले, म्हणून दुसरा मिटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. समुद्रावरची रसद तोडल्यानेच जपानचे ब्रह्मदेश आणि सुमात्रातले सैन्य दुबळे झाले. अशी जहाजे सोडून दिली असती तर युद्ध लांबले असते आणि छावण्यांतले आणखी कैदी मेले असते. हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र रसद तोडणे आवश्यक होते असे म्हणणाऱ्याने तिची पूर्ण किंमत मोजून दाखवली पाहिजे. ती किंमत सर्वाधिक कोणी दिली? ज्यांचे ते युद्धच नव्हते, अशा जावातल्या खेडुतांनी. वाचलेल्या सुमारे ८८० जणांपैकी युद्धकैदी ६८० च्या आसपास होते. रोमुशा जेमतेम २००. कैदी निदान आपापल्या सैन्यांच्या याद्यांत होते. या मजुरांपैकी बहुसंख्यांची नावेही कुठे टिकली नाहीत.

म्हणून 'ट्रेंचंट'चा इतिहास लिहिताना 'आशिगारा' आणि 'जुन्यो मारू' ही दोन्ही नावे एकाच पानावर, सारख्याच ठळक अक्षरांत यायला हवीत. त्याने हेझलेट यांचे शौर्य उणे होत नाही. उलट, ज्या इतिहासात मेलेल्यांची गणती पूर्ण आहे, त्याच इतिहासातल्या शौर्यावर वाचकाने विश्वास ठेवावा.