शस्त्राला वाट दाखविणारा रंग

वसईच्या वाडींतून भाजीची पाटी घेऊन निघणारी बाई असो, कीं अर्नाळ्याची मासळी विकणारी कोळीण असो. दोघींचाहि संसार हाताच्या बळावर उभा असतो. अशा एखादीच्या स्तनांत कर्करोगाची गांठ निघाली, म्हणजे ती विरार लोकलनें परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरते. जीव वाचेल काय, हा तिचा पहिला प्रश्न; हात शाबूत राहील काय, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना वैद्यकास रंगाचा व किरणांचा आधार सांपडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेंतील ग्रंथी हें सर्व काढून टाकण्याची रीत रूढ केली. रोग कोठवर पसरला आहे हें डोळ्यांना दिसत नसे. म्हणून जितकें अधिक कापावें तितकें बरें, असा तो हिशेब होता. परंतु या ग्रंथींतून लसिका नांवाचा पाण्यासारखा रस वाहत असतो. ग्रंथी गेल्या कीं तो तुंबतो, आणि कित्येक जणींचा हात कायमचा सुजून जड होतो.

न दिसणारें दिसावें कसें? १९४७ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील जॉर्ज मूर यांनीं फ्लुओरेसीन हा रंग रोग्याच्या शिरेंतून दिला, तेव्हां मेंदूंतील अर्बुद जंबुपार प्रकाशांत चमकूं लागलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं या रंगास किरणोत्सर्गी आयोडीनची जोड दिली, आणि कवटी न उघडतां गांठेचा ठाव घेण्याचा मार्ग दाखविला.

स्तनाच्या रोगांत गांठ सहज सांपडते. शोधावयाची असते ती रोगाच्या प्रसाराची वाट. गांठेकडील लसिका काखेंतील ज्या ग्रंथींत प्रथम पोंचते, ती ग्रंथी म्हणजे किल्ल्याच्या दरवाजावरील चौकी होय. शत्रू आंत शिरला असल्यास त्याची पहिली खूण तेथेंच मिळावयाची. ही चौकी निर्मळ निघाली, तर पुढील ग्रंथी काढण्याचें बहुधा कारण उरत नाहीं. १९९२ सालीं डोनाल्ड मॉर्टन यांनीं त्वचेच्या कर्करोगांत निळ्या रंगाच्या साह्यानें, आणि १९९३ सालीं डेव्हिड क्रॅग यांनीं स्तनाच्या कर्करोगांत टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्यानें ही ग्रंथी शोधून दाखविली. या द्रव्याचें तेज दर सहा तासांनीं निम्में होत जातें. शस्त्रवैद्याच्या हातांतील शोधक यंत्र त्याचा माग काढतें.

मुंबईंत या विद्येची भूमि आधींच तयार झाली होती. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झाली. १९६२ सालीं रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे आला, आणि १९६३ सालीं परळ येथेंच रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें.

तरीहि किरणोत्सर्गी द्रव्य व शोधक यंत्र गांवोगांवच्या रुग्णालयांत कोठून असणार? म्हणून टाटा रुग्णालयांतील शस्त्रवैद्यांनीं एक साधी रीत कसोटीस लावली. काखेंतील एका ज्ञानतंतूची मर्यादा धरून तिच्याखालच्या तेवढ्याच ग्रंथी काढावयाच्या व तपासावयाच्या. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत ही रीत रंग व किरण यांच्या तोडीस उतरली.

कोठें थांबावें हें शस्त्राला आतां कळूं लागलें आहे. चौकी वेळींच तपासली गेली आणि ती निर्मळ निघाली, तर अर्नाळ्याची कोळीण आपली पाटी पुन्हां आपल्याच हातानें डोक्यावर घेऊं शकेल.