अंतोबाची टेकडी

मुंबई बेटावर वडाळा आणि शीव यांच्या दरम्यान एक ठेंगणी टेकडी आहे. तिला व तिच्या भोंवतालच्या वस्तीला अँटॉप हिल असें म्हणतात. नांव ऐकून कोणा साहेबाची आठवण व्हावी; परंतु सांगण्यांत येतें तें असें कीं, येथें पूर्वीं अंतोबा नांवाचा एक जमीनमालक होता व त्याच्यावरूनच टेकडीस हें नांव पडलें. ही व्युत्पत्ति खरी असेल, तर 1665 सालीं बेट इंग्रजांच्या हातीं आल्यानंतर केव्हां तरी एक मराठी नांव त्यांच्या मुखीं गेलें आणि परकें होऊन आपल्याच घरीं परत आलें, असें म्हणावें लागेल. वाटेंत त्याचें काय काय गळालें याचा हिशेब मांडला, तर माणसाच्या मनांत शब्द कसा वसतो याविषयीं बरेंच कांहीं हातीं लागतें.

प्रथम ध्वनि पाहूं. त म्हणतांना आपली जीभ दांतांस लागते. ट म्हणतांना ती मागें वळून टाळूस लागते. इंग्रजांचा टी या दोहोंच्या मधला, दांतांच्या मुळांमागें होणारा. इंग्रजाच्या मनांत या जागीं एकच खण आहे. आपला त काय आणि ट काय, दोन्ही त्यांतच पडतात. मराठी मनांत खण दोन. आणि तो मधला ध्वनि कानीं पडला कीं आपण त्यास ट च्या खणांत घालतों. म्हणून आपण टेबल म्हणतों, तेबल म्हणत नाहीं. अंतोबाचा त याच वाटेनें गेला, आणि परतला तो ट होऊन. ताडदेवाचें नशीब बरें. इंग्रजी लेखनांत त्याच्याही त चा टी झाला, ड चा तर र झाला. पण लोकांनीं मूळ नांव तोंडांतून सुटूं दिलें नाहीं. शीव मात्र सायनच्या शेजारीं अजून कशीबशी नांदत आहे.

ध्वनीपेक्षांही मोठी हानि झाली ती शब्दाच्या घडणीची. विठोबा, खंडोबा, तसा अंतोबा; शेवटच्या बा मध्यें आदर आहे, जिव्हाळा आहे, आणि तो कोठें जोडला आहे तो सांधा प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असतो. इंग्रजी कानाला तो सांधा दिसला नाहीं. त्यानें शेवटचा आकार टाकला, उरलेल्या ब चा प केला आणि पुढें हिल जोडलें. आतां उलट आपली पाळी आली. बसची वाट पाहणारा प्रवासी ‘अँटॉप हिलला जायचें आहे’ म्हणतो, तेव्हां त्या हिलमधली टेकडी त्याच्या मनांत येतेच असें नाहीं. त्यांचा सांधा आपण पाहिला नाहीं; आपला ला मात्र बिनचूक जोडला.

ही केवळ दुर्लक्षाची गोष्ट नव्हे. 1958 सालीं अमेरिकेंत जीन बर्को या विदुषीनें लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचें चित्र दाखवून त्याचें ‘वग’ असें नांव सांगितलें, आणि असे दोन असले तर काय म्हणाल असें विचारलें. पूर्वीं कधींही न ऐकलेल्या त्या शब्दाचें अनेकवचन बहुतेक मुलांनीं बरोबर केलें. म्हणजे मुलें शब्द नुसते पाठ करीत नाहींत. त्यांच्या मनांत नियम असतो. मोटार परदेशांतून आली, तिचें लिंग तिच्यावर लिहिलेलें नव्हतें. तरी आपण मोटारी म्हणूं लागलों, फाइलच्या फायली केल्या, डॉक्टरची डॉक्टरीण केली. 1984 सालीं जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनीं याहूनही विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदींतील त आणि ट यांतील भेद कळतो; वर्ष पुरें होण्याच्या सुमारास तें सामर्थ्य बहुतांशीं मावळलेलें असतें. मन घडतें तें कांहीं दारें मिटूनच.

हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतील एका संवयीची लाज वाटूं लागते. खेड्यांतून आलेला पाहुणा किंवा घरकाम करणारी बाई ठेसन म्हणाली, कीं आपलीं मुलें हंसतात, आणि आपण त्यांना आंवरीत नाहीं. परंतु जोडाक्षरांतील आरंभींचा स् गाळून त्याचा श्वास पुढच्या व्यंजनास देणें ही मराठीची फार जुनी रीत आहे. याच रीतीनें पुस्तिकेची पोथी झाली आणि स्थानाचें ठाणें झालें. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी निघाली ती त्या ठाण्यासच गेली. ठाणें म्हणणारा शुद्ध आणि ठेसन म्हणणारा अडाणी, हा न्याय कोणता? दोघांच्याही मुखांतून एकच व्याकरण बोलत आहे. एकास शतकांनीं प्रतिष्ठा दिली, दुसऱ्यास ती मिळावयाची आहे, इतकेंच.

मुलांना शाळेंत स्टेशन हा उच्चार जरूर शिकवावा. तो त्यांच्या उपयोगाचा आहे. परंतु ठेसन ऐकून हंसण्यापूर्वीं त्यांना अंतोबाची गोष्ट सांगावी. ज्या साहेबाच्या उच्चारास आपण कसोटी मानतों, त्यालाही आपल्या एका साध्या माणसाचें नांव नीट घेतां आलें नाहीं. आणि त्याबद्दल त्यास कोणीं कधीं अडाणी म्हटलें नाहीं.