विजेच्या शेकाचे वस्त्र

दुखऱ्या अवयवाभोवती गुंडाळता येणाऱ्या, विजेवर तापणाऱ्या लवचीक शेकपट्ट्याच्या इतिहासात श्रेय बहुधा तारेला दिले जाते. त्यात तथ्यही आहे, कारण आल्बर्ट मार्श यांना १९०६ साली ज्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे अमेरिकी पेटंट मिळाले, त्याची तार लाल होईपर्यंत तापवली तरी तिच्यावर ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि ती लवकर तुटत नाही. परंतु शेकपट्ट्यातील तारेला लाल व्हायचेच नसते. तिच्यात निर्माण होणारी उष्णता तितक्याच वेगाने कापडातून बाहेर पडली नाही, तर तापमान चढत जाते. त्यामुळे कापड हे येथे केवळ आवरण राहत नाही, तर यंत्राचाच एक भाग ठरते. त्वचेकडील थराने उष्णता पुढे जाऊ द्यावी आणि बाहेरील थराने ती अडवावी, हे खरे. पण अडवणे अति झाले, किंवा पट्ट्याला घडी पडली, की नेमक्या त्याच जागी कापड करपू लागते.

अमेरिकी वैद्य सिडनी रसेल यांनी १९१२ साली तयार केलेली विजेची गादी बोजड होती, आणि पुढे १९२०च्या दशकात अशा गाद्या मोकळ्या हवेत झोपवल्या जाणाऱ्या क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामांत वापरल्या गेल्या. अशा साधनाला लोकर सर्वांत सुरक्षित. घोंगडीवर ठिणगी पडली तर भोक पडते, पण ज्वाला पसरत नाही, हे मेंढपाळाला सांगावे लागत नाही. लोकरीच्या तंतूतील नायट्रोजन आणि ओलावा यांमुळे ती सहजासहजी पेट घेत नाही. मात्र ती महाग, धुतल्यावर आटणारी आणि उघड्या त्वचेला टोचणारी असल्यामुळे स्वस्त पर्याय म्हणून फ्लॅनेलेट, म्हणजे लोकरीच्या फलालीनची नक्कल करण्यासाठी लव उठवलेले सुती कापड, पुढे आले.

या लवेतच धोका होता. उभ्या तंतूंमध्ये हवा खेळती राहत असल्याने ज्वाला पृष्ठभागावरून झपाट्याने धावते, आणि इंग्लंडमध्ये फ्लॅनेलेटचे कपडे पेटून मुले दगावण्याच्या घटना इतक्या वाढल्या की रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा थर तंतूंत बसवून धुतल्यावरही न पेटणारे कापड सिद्ध केले, तर १९१३ साली तेथील संसदेने कापड ज्वालारोधक असल्याच्या खोट्या दाव्यांना आळा घालणारा कायदा केला. ही चर्चा अंगावरच्या कपड्यांची होती; पण ज्या कापडाच्या आत तापलेली तारच शिवलेली आहे, त्याला ती अधिकच लागू पडत होती.

कारखानदारांनी काढलेला तोडगा मात्र नंतर दुसऱ्या अर्थाने घातक ठरला. तारेभोवती ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे खनिज तंतूंचे, वेष्टन दिले की आगीची भीती कमी होई; परंतु १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅगनर आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने ॲस्बेस्टॉसचा संपर्क आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग यांतील संबंध पुढे आणला.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने या साधनाची खरी परीक्षा घेतली. अतिउंचीवरील बॉम्बफेकी विमानांत उघड्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या तोफचींना हिमदंश होत असे; त्यांच्यासाठी विजेने तापणारे पोशाख बनवले गेले. सुरुवातीच्या पोशाखांत एकसर जोडणी होती, म्हणजे सगळा प्रवाह एकाच मार्गाने जाई, आणि कोपर किंवा गुडघा वाकताना तार एके ठिकाणी तुटली की संपूर्ण मंडल बंद पडे. तारेला कापडाबरोबर वाकता आले पाहिजे, ही गोष्ट प्रयोगशाळेपेक्षा या अनुभवाने अधिक पक्की केली. जनरल इलेक्ट्रिकने हे ज्ञान युद्धोत्तर घरगुती ब्लँकेटांत उतरवले, तारेभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन आले आणि धुता येण्याजोगे कृत्रिम धागेही स्वीकारले गेले.

पॉलिएस्टरही निर्दोष नाही, कारण ते सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते आणि वितळलेला थर त्वचेला चिकटतो. त्यामुळे तापमान आवरणारा थर्मोस्टॅट बिघडला तर सुती कापडापेक्षा त्याची इजा वेगळी, पण कमी नव्हे. जुन्या सामानात विसाव्या शतकाच्या मध्याचा एखादा शेकपट्टा सापडल्यास तो विजेला जोडून पाहू नये, आणि आत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्याचे अस्तर तर मुळीच उसवू नये.