वाल्डेनचें कोडें

प्रवासी एका गांवाहून निघाला आणि दुसऱ्या गांवीं पोंचला, एवढें कळल्यानें तो कोणत्या वाटेनें गेला हें कळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील सेंद्रिय रसायनशास्त्राची स्थिति कांहींशी अशीच होती. कोणता पदार्थ घेतला आणि त्यापासून कोणता पदार्थ तयार झाला, याची नोंद रसायनज्ञ काटेकोरपणें ठेवीत. मधल्या वाटेवर काय घडलें, याविषयीं मात्र बहुधा तर्कावरच भागवीत. ही वाट प्रत्यक्ष शोधल्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी जाणीव करून देणारा एक प्रयोग १८९६ च्या सुमारास रीगा शहरीं झाला.

प्रयोग करणारा पॉल वाल्डेन हा १८६३ सालीं, आजच्या लॅटव्हियांत पण तेव्हांच्या रशियन साम्राज्यांत, एका शेतकरी कुटुंबांत जन्मला. लहानपणींच तो आईबापांस अंतरला. पुढें विद्येच्या बळावर तो रीगाच्या पॉलिटेक्निकमध्यें प्राध्यापक झाला. त्याच्या अभ्यासाचा विषय होता रेणूंचा उजवेडावेपणा.

हा उजवेडावेपणा म्हणजे काय, तें आधीं पाहिलें पाहिजे. उजव्या आणि डाव्या पायांचे जोडे एकाच चामड्याचे, एकाच मापाचे असतात; तरी एकाच्या जागीं दुसरा चालत नाहीं. कांहीं पदार्थांचे रेणु असेच जोडीनें आढळतात, हें पाश्चरनें १८४८ सालीं दाखविलें. त्याचें कारण १८७४ सालीं व्हांट हॉफ आणि ल बेल यांनीं स्वतंत्रपणें सांगितलें. कार्बनच्या अणूचे चार हात चार कोपऱ्यांकडे पसरलेले असतात. त्या चार हातांत चार निरनिराळे गट असले, कीं त्यांची मांडणी दोन प्रकारांनीं होऊं शकते, आणि एक मांडणी दुसरीचें आरशांतील प्रतिबिंब असते. ध्रुवित प्रकाश द्रावणांतून पाठविला, तर एक प्रकार त्यास उजवीकडे वळवितो, दुसरा तितकाच डावीकडे.

एक गट काढून त्याच्या जागीं दुसरा बसविला, तर तो जुन्याच जागीं बसतो, अशी त्या काळीं समजूत होती. एका बिऱ्हाडकरूनें खोली सोडावी आणि त्याच खोलींत दुसऱ्यानें राहावयास यावें, तसें हें सरळ वाटे. वाल्डेननें कच्च्या सफरचंदांत आढळणारें मॅलिक अम्ल घेतलें. प्रकाश डावीकडे वळविणारें, म्हणजे वामावर्ती. फॉस्फरस पेंटाक्लोराइडनें त्यांतील एक गट काढून तेथें क्लोरिन बसविला. मग सिल्व्हर ऑक्साइडनें क्लोरिन काढून जुना गट परत आणला. हातीं आलें तें मॅलिक अम्लच, पण दक्षिणावर्ती! सिल्व्हर ऑक्साइडऐवजीं पोटॅश वापरला, तर मात्र मूळचें वामावर्ती अम्ल परत मिळालें. डावा जोडा दुरुस्तीस द्यावा आणि एका कारागिरानें तो डावाच, पण दुसऱ्यानें उजवा करून परत द्यावा, असा हा प्रकार होता.

कोठें तरी रेणु उलटत होता, हें निश्चित. पण कोणत्या पायरीवर? केवळ प्रकाशाच्या वळणावरून हें ठरत नाहीं, कारण दोन भिन्न पदार्थांची मांडणी एकच असूनही त्यांचें वळण निराळें असूं शकतें. एका पदार्थावरून दुसऱ्याची मांडणी ठरवीत जाण्याची जी साखळी रसायनज्ञांनीं विणली होती, तिचा प्रत्येक दुवा आतां संशयास्पद झाला. शर्करांची रचना उलगडणाऱ्या एमिल फिशरनें या शोधास पाश्चरच्या कार्यानंतरचा त्या क्षेत्रांतील सर्वांत आश्चर्यकारक शोध मानलें. ‘वाल्डेन-व्युत्क्रम’ हें नांवही त्यानेंच रूढ केलें.

पहिला पक्का धागा १९२३ सालीं लंडनमधील बॅटर्सी पॉलिटेक्निकांत हेन्री फिलिप्सला मिळाला. त्यानें एका अल्कोहोलावर अशी विक्रियांची मालिका योजिली, कीं कार्बन आणि ऑक्सिजन यांचा सांधा फक्त एकाच पायरीवर तुटावा. अखेर तेंच अल्कोहोल परत आलें, पण पूर्वी सुमारें ३३ अंश उजवीकडे वळविणारें तें आतां तितकेंच डावीकडे वळवूं लागलें. म्हणजे रेणु त्या एकाच पायरीवर उलटला होता.

पण उलटतो कसा? याचें उत्तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत क्रिस्टोफर इंगोल्ड आणि त्याचा तरुण सहकारी एडवर्ड ह्यूज यांनीं घड्याळ हातीं घेऊन शोधलें. विक्रिया किती वेगानें होते आणि कोणत्या द्रव्याचें प्रमाण वाढविल्यानें तो वेग वाढतो, हें मोजून त्यांनीं दोन वाटा ओळखल्या. एकींत जुना गट आधीं आपण होऊन निघून जातो. हा वेग येणाऱ्या गटाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. दुसरींत नवा गट जुन्याच्या नेमका पाठीमागून येतो आणि एक येत असतांनाच दुसरा जातो; येथें दोहोंचेंही प्रमाण वेग ठरवितें. या दुसऱ्या वाटेनें गेल्यास उरलेले तीन हात, वादळी वाऱ्यांत छत्री उलटावी तसे, पलीकडे वळतात.

ही कल्पना कसास लावणारा प्रयोग १९३५ सालीं ह्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं केला. त्यांनीं एकाच हाताचें ऑक्टिल आयोडाइड घेतलें आणि त्यांतील आयोडिनच्या जागीं दुसरा आयोडिन बसूं दिला. एरव्हीं अशी अदलाबदल ओळखतां आली नसती. म्हणून नवा आयोडिन किरणोत्सर्गी घेतला. कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लागून तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें, आणि हा आयोडिन दर २५ मिनिटांनीं निम्मा होई. त्यामुळें सगळें काम घाईचें होतें.

हिशेब मात्र शाळेंतील मुलासही समजेल असा आहे. शंभर उजवे रेणु आहेत असें समजूं. त्यांपैकीं दहांची अदलाबदल होऊन ते सर्व उलटले, तर नव्वद उजवे आणि दहा डावे राहतील. दहा डावे दहा उजव्यांना निष्प्रभ करतील आणि प्रकाश वळविण्याची शक्ति ऐंशींवर येईल. म्हणजे अदलाबदल दहा, पण शक्तीची घट वीस. उलट, नवा गट कोणत्याही बाजूनें बसत असता, तर दहांपैकीं पांचच उलटून घट दहाच आली असती. प्रयोगांत घटीचा वेग अदलाबदलीच्या वेगाच्या दुप्पट भरला. प्रत्येक अदलाबदलींत रेणु उलटतो, हें अशा रीतीनें सिद्ध झालें.

मग सिल्व्हर ऑक्साइडचें काय? १९३७ सालीं लंडनच्या याच मंडळींनीं अशा विक्रियांचाही उलगडा केला. तेथें रेणूमधील शेजारचाच अम्लगट पाठीमागची जागा आधीं अडवितो आणि मग नवा गट त्याला हुसकावून बसतो. दोनदां उलटलेली छत्री पुन्हा सुलटी दिसते, तसेंच हें. १९३९ सालीं अमेरिकेंत बार्टलेट आणि नॉक्स यांनीं पिंजऱ्यासारखा एक रेणु घेतला. त्यांत कार्बनची पाठ पूर्णपणें झांकलेली होती. तेथील क्लोरिन कित्येक तास उकळूनही हलला नाहीं.

या ज्ञानाचें मोल प्रयोगशाळेपुरतें नाहीं. शरीरांतील अॅड्रेनॅलिन वामावर्ती आहे आणि त्याचा परिणाम दक्षिणावर्ती अॅड्रेनॅलिनाहून कितीतरी पटींनीं अधिक होतो. औषध बनवितांना रेणु कोणत्या पायरीवर उलटेल हें ठाऊक नसेल, तर नांव तेंच असूनही गुण निराळा, असें व्हावयाचें.

वाल्डेन हें सर्व पाहण्यास हयात होता. क्रांतीनंतर १९१९ सालीं त्याला रीगा सोडावें लागलें आणि जर्मनींतील रोस्टॉक येथें त्यानें पुन्हा संसार मांडला. १९४२ च्या बाँबवर्षावांत त्याचा जन्मभर जमविलेला ग्रंथसंग्रह जळून गेला. १९५७ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, तो वारला. तेहतिशीच्या सुमारास त्यानें टाकलेलें कोडें दुसऱ्यांनीं सोडविलें, तेव्हां त्यानें सत्तरी ओलांडली होती. स्वतःस उत्तर न सांपडलेला प्रश्नही त्यानें न लपवितां, जसा दिसला तसा जगापुढें मांडला होता. पुढच्यांना वाट सांपडली ती त्यामुळेंच.