गुंडीच्या गावच्या बाया

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेनं पिशवीतून मोबाइल काढला आणि आम्ही सगळ्या हिशोबाची वही सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. कव्हर साधंच, बाजारात मिळतं तसं. पण त्यावर तिनं आजेसासूच्या डबीतली बटणं चिकटवली होती. शाळेच्या शर्टाची पांढरी, कुठल्याशा स्वेटरची तपकिरी, मधोमध एक लाल, फुलासारखं. "विकायला करूया का?" तिनं विचारलं. एक जण लगेच म्हणाली, "बटणाला कोण पैसे देतंय?"

त्या एका प्रश्नावरून आजचं बोलणं. कारण बटणाला पैसे देणारेही होते आणि बटणावर घर चालवणाऱ्या बायकाही होत्या. शेकडो घरं, दोनशे वर्षांहून जास्त काळ.

तसं बटण फार जुनं. मोहेंजोदडोत शिंपल्याची, भोकं पाडलेली बटणं सापडली आहेत. ती बहुधा कपडा बांधायला नव्हे, शोभेलाच लावत. म्हणजे आपल्या सुनेनं केलं ते काही नवीन नाही! आपल्याकडं कपडा बांधायला नाड्या असत. बाराबंदीचं नावच बंदांवरून पडलं. आणि दोऱ्याची किंवा कापडाची गोल गाठ वळून केलेली ती गुंडी. आमच्यातल्या दोघींनी त्यांच्या आजोबांच्या बंडीला अशा गुंड्या पाहिल्या आहेत.

आता ज्या बायांची गोष्ट सांगायची आहे, त्या इंग्लंडच्या दक्षिणेतल्या डॉर्सेट भागातल्या. मेंढ्यांचा, शेतीचा मुलूख. 1622 साली अब्राहम केस नावाच्या माणसानं तिथल्या शाफ्ट्सबरी गावात बटणांचा धंदा सुरू केला. मेंढ्याच्या शिंगाची चकती कापायची, तिच्यावर कापड चढवायचं आणि सुईदोऱ्यानं ते घट्ट बांधून घ्यायचं. म्हणजे आपली गुंडीच म्हणा ना, फक्त आत शिंग. पुढं शिंगाच्या जागी तारेची कडी आली. लहान मुलं तार वळून कड्या करत, आणि घरोघरच्या बाया त्या कड्यांवर दोरा चढवत.

हे काम नीट ऐका, कारण ते आपल्याला येतंच. कडीभोवती सगळीकडून काजाचा टाका घालायचा, अगदी खेटून. मग त्या टाक्याची उभी कड बोटानं आत वळवायची, म्हणजे बाहेरची बाजू गुळगुळीत होते. त्यानंतर कडीवर आडवेउभे दोरे ताणून बैलगाडीच्या चाकासारखे आरे करायचे आणि मधोमध टाका मारून ते बांधायचे. शेवटी मधून सुरुवात करून एकेका आऱ्याला वेढा घेत गोल गोल विणत बाहेर यायचं. अशा बटणाला तिकडं गाडीचं चाकच म्हणत.

शेतातल्या कामापेक्षा या कामाला पैसे बरे मिळत. शिवाय पावसात भिजायचं नाही, पोर पाळण्यात आणि हातात सुई. म्हणून गावंच्या गावं यात उतरली. बटणं पुठ्ठ्याच्या कार्डावर शिवून व्यापाऱ्याच्या माणसाकडं न्यायची. कार्डाच्या रंगावरून प्रत कळे. चांगल्यातली चांगली परदेशी जात. मोबदला कधी रोख मिळे, कधी दुकानातला माल. दर ठरवणारा तोच, माल पारखणारा तोच, आणि पुष्कळदा किराणा देणाराही तोच.

इथं आम्ही थोडं थांबलो होतो. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं काज-बटणाचं काम घेतलं होतं. नगावर दर ठरला होता, तोंडी. माल पोचवल्यावर त्या व्यापाऱ्यानं "टाका सैल आहे" म्हणून बरेच नग परत केले आणि त्याच हप्त्यातून दोऱ्याचेही पैसे कापले. डॉर्सेटच्या त्या बायांची भाषा आम्हाला येत नाही, पण त्यांचा हिशोब आम्हाला चटकन समजला.

1851 साली लंडनमध्ये जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात बटणं करणारं यंत्र मांडलेलं होतं. एका बाईचा दिवसभराचा ढीग यंत्र बघता बघता पाडू लागलं. थोड्याच वर्षांत घरोघरचा धंदा बसला. उपासमार झाली. कितीतरी कुटुंबं बोटीत बसून कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. हाताला एकच काम, तेही एकाच ठिकाणी विकायचं, आणि तेच गेलं.

यंत्राच्या बटणांनाही माणसं लागतच. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या मस्कॅटीन गावात नदीच्या शिंपल्यांपासून बटणं कापत. 1905 च्या सुमारास तिथं वर्षाला दीड अब्ज बटणं निघत. तिथंही बाया कारखान्यात आणि घरी कार्डावर बटणं शिवत. 1911 साली कामगार संपावर गेले, त्यात बाया पुढं होत्या. ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी सांगू. पुढं प्लास्टिक आलं आणि शिंपल्याचं बटणही मागं पडलं.

डॉर्सेटचं दोऱ्याचं बटण मात्र संपलं नाही. विसाव्या शतकात काही बायांनी म्हाताऱ्यांकडून टाके शिकून घेतले आणि महिला मंडळांतून ते पुन्हा हातात आले. आज ते कोटाला कमी, हौसेला जास्त लागतं.

तर आमच्या बैठकीत दोन तट पडले. धाकट्यांचं म्हणणं, लगेच पन्नास कव्हरं करू. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आधी पाच करा, आणि एका कव्हराला वेळ किती लागतो ते घड्याळ लावून वहीत लिहा. बटणाची, गोंदाची किंमत सगळे धरतात. वेळेची कोणी धरत नाही. आम्हाला अध्यक्षबाईंचं पटलं.

पाच कव्हरांत जे शिकलो ते सांगतो. मऊ रबरी कव्हरावर गोंद धरत नाही, दोन दिवसांत बटणं निघतात. कडक प्लास्टिकचं घ्या आणि ते आधी पुसून कोरडं करा. मागं दांडी असलेलं बटण बसत नाही, चपटंच हवं. बटणं आधी नुसती मांडून बघा, मगच गोंद लावा. कॅमेऱ्याची आणि चार्जिंगची जागा मोकळी सोडा. गोंद लावताना मोबाइल आत ठेवू नका. आमच्यातल्या एकीनं ठेवला होता!

आणि एका कव्हरावर मधोमध आम्ही गाडीचं चाक लावलं, पडद्याच्या छोट्या रिंगवर लाल दोऱ्यानं विणून. पहिलं चाक वाकडं झालं, तिसरं जमलं. त्याला दुकानातल्या बटणापेक्षा जास्त दर मागायचा असं ठरलंय. किती, यावर अजून भांडण चालू आहे.

बुधवारी येताना आपापली डबी घेऊन या. पोरांच्या शर्टाची चार पांढरी बटणं मात्र घरीच ठेवा, शाळा सुरू झाली की लागतात.