फणसाचे लाकूड आणि त्याचा मान

कोकण-गोमंतकातील जुन्या घरांत पूजेचा पाट, चौरंग किंवा देव्हारा करावयाचा झाला, तर सुताराची नजर प्रथम परसातल्या जुन्या फणसाकडे जाई. सागवानाच्या वाट्यास गलबते, राजवाडे आणि परदेशचा व्यापार आला. फणसाचा इतिहास मात्र परसातलाच राहिला, आणि त्यामुळे तो फारसा कोणी लिहिला नाही.

फणस हा वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळातला वृक्ष होय; तिन्हींप्रमाणे त्यालाही पांढरा चीक असतो. सह्याद्रीची सदाहरित अरण्ये हे त्याचे मूळस्थान मानले जाते. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने पुंड्रवर्धनात या फळास मोठा मान असल्याचे नोंदले आहे. चौदाव्या शतकातील इब्न बतूता याने फणसाचे ‘शकी’ व ‘बर्की’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. दुसरे नाव वाचताच आपल्याकडील बरक्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. 1563 साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही फणसाचे वर्णन केले. परंतु या साऱ्यांचे लक्ष फळाकडे होते. लाकडाची पारख केली ती सुतारांनी.

नुकत्याच चिरलेल्या फणसाचा गाभा केशरी पिवळा दिसतो. वारा आणि उजेड लागत जातो तसतसा तो रंग गडद होतो, आणि काही वर्षांनी त्यावर तांबूस तपकिरी झाक चढते. गाभ्याच्या लाकडास वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचे पांढरट लाकूड मात्र तितके टिकाऊ नसते, म्हणून जाणता कारागीर ते तासून टाकतो. वजनाने हे लाकूड सागवानाच्या आसपास असते. नीट वाळवले तर ते रंध्याखाली चांगले चालते आणि त्यास झिलई उत्तम येते. ओल्या लाकडाची घाई करणाऱ्यास मात्र ते पुढे पीळ व भेगा दाखवल्याशिवाय राहत नाही.

त्याचा पिवळेपणाही वाया गेला नाही. लाकडाचा भुसा व ढलप्या पाण्यात उकळून निघणाऱ्या रंगात ब्रह्मदेश व सयाम या देशांत बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवीत असत. दक्षिणेत या वृक्षास नादाचा मान मिळाला. मृदंगाचे खोड फणसाचे, केरळातील चेंडा फणसाचा, आणि तंजावरची वीणाही फणसाचीच. एकाच ओंडक्यातून सबंध कोरून काढलेली वीणा तर विशेष मोलाची समजली जाते.

इतक्या गुणी लाकडावर राज्यकर्त्यांची दृष्टी न पडती तरच नवल. आरमारास लाकूड नेहमीच कमी पडे. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे, 1715 च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ या प्रश्नाचा विचार करते. सागासारखी जंगलातली झाडे हुजुराची परवानगी घेऊन तोडावीत, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावीत, असे ते सांगते. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची आहेत, हे त्यात मान्य केलेले आहे. आणि तरीही त्यांना हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. कारण दिले आहे ते राज्यकारभाराच्या ग्रंथात क्वचितच आढळावे असे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

येथे वृक्षाची किंमत लाकडाच्या भावाने ठरवलेली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फणसाचे झाड वर्षानुवर्षे घरास खाऊ घालते. गरे, आठळ्या, कुयरीची भाजी, जनावरांस पाला, असा त्याचा संसार असतो. म्हणून घरच्या माणसांनी एखादा म्हातारा फणस देवकार्यासाठी दिला, तर ते दान नाण्यांत मोजता येत नाही.

महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा व फणस ही दोन्ही नावे शेजारीशेजारी आली. गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने खाजगी जमिनीतील झाडासही परवानगीचे बंधन घातले. फरक इतकाच की, अमात्यांच्या काळी सरकारने झाडाच्या धन्याची संमती घ्यावयाची होती. आता धन्याने सरकारची घ्यावयाची असते.