कॉटन ग्रीनचा सट्टा : कापसाच्या गाठीपासून फायबरच्या तारेपर्यंत

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मध्ये कॉटन ग्रीन स्टेशन आहे. रोज हजारो माणसे इथे चढतात-उतरतात, पण या नावात कापूस का आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गेल्या महिन्यात याच स्टेशनवर आमच्या नात्यातला एक तरुण भेटला. हातात मोबाइल, चेहऱ्यावर उत्साह. म्हणाला, "चाचा, गावोगावी ब्रॉडबँड नेण्याचं मोठं टेंडर निघालंय. केबल कोण पुरवणार ते आमच्या ग्रुपवर आधीच कळतं. शेअर आत्ताच घेऊन ठेवायचे." मी विचारले, "कंपनीचा ताळेबंद पाहिलास?" तो हसला. "टेंडर मिळालं की ताळेबंद कशाला?"

ज्या जमिनीवर उभा राहून तो हे बोलत होता, त्या जमिनीच्या नावात याच प्रश्नाचे उत्तर आहे.

मुंबईचा कापूसबाजार पूर्वी टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर भरत असे. १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलला. पुढे विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या बाजूला समुद्र हटवून जमीन काढली आणि गाठी, गोदामे, दलाल, हमाल सगळे इकडे आले. हिरवळ गेली, नाव मात्र सोबत आले. १९२० च्या दशकात इथे कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत उभी राहिली.

पण खरी गोष्ट त्याआधीची, १८६१ ची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडचा कापूस बंदरांतच अडकला. लँकेशायरच्या गिरण्यांना पुरवठादार हवा होता. मुंबई आणि इजिप्त पुढे सरसावले. कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त आले, असा हिशेब जुन्या नोंदींत सांगितला जातो. एवढा पैसा कुठे ठेवायचा? बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. बॅक बे रिक्लमेशनच्या शेअरवर तर सगळे शहर तुटून पडले. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे बादशहा. लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून ते येणाऱ्या जहाजांना गाठायला आपल्या होड्या पाठवत, असे सांगितले जाते. आजचा 'ग्रुप' म्हणजे तीच होडी. फरक इतकाच, की त्या होडीत एकटा मालक बसलेला असे आणि आपल्या ग्रुपवर बातमी येते तेव्हा ती हजारोंच्या हातांतून फिरून आलेली असते.

मुंबईने एकच गोष्ट विचारली नाही : गिऱ्हाईक आपल्याकडे का आले आहे? आपला कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या यंत्रांना तो आवडत नव्हता. अडचण होती म्हणून ते तो घेत होते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला इराणच्या आखातातून विलायतेशी तारेचा संपर्क जोडला गेला होता. म्हणजे तार आली ती पडझडीची बातमी घेऊन! वायद्यांच्या हिशेबाचा दिवस १ जुलै १८६५ होता. त्या दिवशी देणे कुणालाच जमेना. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. प्रेमचंद शेठही कोसळले. १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजार मोजली गेली होती, १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजारांवर आली.

आणि ज्यांनी एकही शेअर घेतला नव्हता, त्यांचे काय? कापूस विलायतेला गेला की सूत महागते. हातमागावर पोट असलेल्या विणकराला तेजीतही मार आणि मंदीतही. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव, भिवंडी, मदनपुऱ्यात आलेली मोमीन कुटुंबे या भावांच्या दयेवरच जगत आली. सट्टा खेळणारा एक असतो, किंमत चुकवणारा दुसराच असतो.

सट्ट्याची सवयही कापसाने सोडली नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. मटका तो हाच. कापूस गेला, आकडा राहिला.

तारांच्या धंद्याचाही असाच इतिहास आहे. १९९५ मध्ये टेलिफोन सर्कलांची टेंडरे उघडली, तेव्हा हिमाचल फ्युच्युरिस्टिक या कंपनीच्या गटाने नऊ सर्कलांसाठी मिळून ८५ हजार कोटींहून जास्त बोली लावली होती. ती पेलणारी नव्हती. सरकारला एका बोलीदाराला तीनच सर्कलांची मर्यादा घालावी लागली. तरीही २००० च्या तेजीत हाच शेअर केतन पारेखच्या लाडक्या शेअरांत होता. २००१ मध्ये तो बाजार कोसळला आणि संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली.

आज भारतनेटच्या सुधारित योजनेला २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची मंजुरी मिळाली आहे. काम खरे आहे, गरजही खरी आहे. पण टेंडर सहसा सर्वांत कमी बोलीला मिळते. म्हणजे जिंकणाऱ्याचा नफा जिंकतानाच घटलेला असतो. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, तोवर कंपनी कर्जावर चालते. आणि शेअरचा भाव ऑर्डरच्या अफवेवरच चढून बसलेला असतो. वायदे-ऑप्शन खेळणाऱ्या शंभर किरकोळ लोकांपैकी त्र्याण्णव जणांनी तीन वर्षांत तोटाच केला, असे सेबीने २०२४ मध्ये सांगितले.

आपल्या फिकहमध्ये व्यापाराला मनाई नाही, धोका पत्करण्यालाही नाही. 'सलम'च्या व्यवहारात शेतकरी पीक येण्याआधीच माल विकू शकतो. मात्र पूर्ण किंमत आधी द्यायची आणि मालाचे माप, प्रत, तारीख ठरलेली हवी. मनाई आहे ती गररला, म्हणजे ज्यात नेमके काय विकले-घेतले जाते तेच धूसर असते, आणि जुगाराला. कंपनी समजून घेऊन तिचा भागीदार होणे हा व्यापार. टेंडर कुणाला लागेल यावर पैसे लावणे म्हणजे मडक्यातली चिठ्ठी.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "बेटा, पैसे तुझे आहेत की उसने?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "अम्मीच्या हजच्या पैशांतले थोडे."

गाडी आली. दारात उभा राहून तो मोबाइलकडे बघत होता. तो विकत घेत होता की ग्रुप सोडत होता, हे मला दिसले नाही. घरी येऊन मी त्याच्या अम्मीला फोन केला.